डावा झाला, उजवा बाकी

नोंद क्रमांक एकशे सात. वर्ग: महिला उद्योजक, लघु. वय: अठ्ठेचाळीस. वैवाहिक स्थिती: विवाहित, पती भूगोलाचे शिक्षक, अपत्य एक. व्यवसायाचे स्वरूप: तयार कपड्यांचे फेरमाप व दुरुस्ती. कामाची जागा: एक हॉल, सहा टेबले, सहा शिवणयंत्रे, एक इस्त्री. कर्मचारी: बारा, सर्व महिला, सर्व माता, सर्व अर्धवेळ. विशेष कार्य: सदर महिलेने मातांसाठी अर्धवेळ रोजगाराचा सातत्याने पुरस्कार केला असून कामाच्या समान विभाजनाची अभिनव पद्धत यशस्वीरीत्या राबविली आहे. शेरा: अनुकरणीय.

महिला उद्योजकांच्या नोंदवहीतली ही नोंद आहे आणि तिच्यात खोटं म्हणावं असं फारसं काही नाही. मात्र तेवढ्यावर विसंबून कोणी या बाईंना शोधायला निघालं तर त्याचा दिवस फुकट जाईल. त्या भागात 'फेरमाप' हा शब्द कोणाला ठाऊक नाही. बाईंना सगळे 'पायवाल्या बाई' म्हणतात, कारण त्यांच्याकडे विजारींचे पाय आखूड करून मिळतात. या नावापायी एकदा एक गृहस्थ सुजलेला गुडघा घेऊन आले होते. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, हाडांचे डॉक्टर पुढच्या चौकात बसतात हे सांगितलं, आणि ते लंगडत उठले तेव्हा त्यांची विजार मागून जमिनीला घासते आहे हेही सांगितलं. गुडघा बरा झाल्यावर गृहस्थ विजार घेऊन परत आले. धंदा असा वाढतो. नोंदवहीत त्याला रकाना नाही.

बाई या धंद्यात कशा आल्या, तर एका खुर्चीमुळे. वीसेक वर्षांपूर्वी त्या एका कार्यालयात आवक-जावक पाहत. मुलगी लहान होती आणि तिची शाळा साडेबाराला सुटायची. शाळा सुटायची वेळ ठरवणारा माणूस आणि कार्यालय सुटायची वेळ ठरवणारा माणूस एकमेकांना कधीही भेटलेले नसावेत, ही बाईंची तेव्हापासूनची समजूत आहे. त्यांनी साहेबांकडे अर्ध्या दिवसाचं काम मागितलं. साहेब हसून म्हणाले, "अहो, अर्धी खुर्ची कुठून आणू मी?"

बाईंना विनोद उशिरा कळतात. त्या जागेवर आल्या, खुर्चीकडे नीट पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की ती अर्धी करायची गरजच नाही. दोघींनी पाळीपाळीने बसलं की झालं. ही कल्पना त्यांनी परत आत जाऊन साहेबांना सांगितली. साहेबांनी ती लेखी मागितली. लेखी दिल्यावर तिची आवक झाली, जावक काही झाली नाही. महिन्याभराने बाईंचीच जावक झाली.

स्वतःचं काम काढायचं ठरल्यावर बाईंनी आधी एक पाहणी केली. आई झालेल्या बाईला सलग किती वेळ मिळतो, हे त्यांनी मुलीच्या जुन्या वहीत पंधरा दिवस लिहून काढलं. स्वतःचं, जावेचं आणि शेजारणीचं. उत्तर आलं सात मिनिटं. सात मिनिटांनी कोणीतरी हाक मारतं, काहीतरी उतू जातं, किंवा शाळेतून फोन येतो की तुमच्या मुलाने नाकात मणी घातला आहे. जाऊबाईंची चारच मिनिटं भरली होती, पण त्यांच्याकडे हाका मारणाऱ्यांत भाऊजीही धरले होते.

सात मिनिटांत अख्खी विजार होत नाही. एक पाय होतो.

हा शोध लागल्यावर बाकीचं सगळं आपसूक जुळत गेलं. प्रत्येक टेबलाला दोघी. सकाळची नऊ ते साडेबारा, दुपारची साडेबारा ते चार. सकाळचीने सगळ्या विजारींचे डावे पाय करायचे, दुपारचीने उजवे. शाळेतून फोन आलाच, तर हातातला पाय तेवढा पुरा करून निघायचं. अर्धा पाय कोणी कोणासाठी मागे ठेवायचा नाही. चारनंतर कामाचा प्रश्नच नव्हता, कारण सव्वाचारला त्याच हॉलमध्ये कराटेचा वर्ग भरतो. अर्धवेळाचं तत्त्व बाईंच्या मनात जितकं पक्कं होतं तितकंच ते भाडेकरारातही होतं.

दोन पाळ्यांची गाठ पडत नसे. सकाळच्यांना शाळेच्या फाटकाशी पोहोचायचं असे म्हणून त्या बारा पंचविसालाच पदर खोचून, पर्स काखोटीला मारून निघत. दुपारच्या मूल कोणाच्या तरी हवाली करून धापा टाकत बारा पस्तिसाला येत. मधली दहा मिनिटं हॉलमध्ये बाई आणि इस्त्री. म्हणून चिठ्ठीची पद्धत पडली. जाणारीने टाचण्यांच्या उशीखाली चिठ्ठी ठेवायची: 'डावा झाला, उजवा बाकी.' येणारीने ती वाचून कामाला लागायचं.

यातून एक नियमही निघाला. पहिल्याच वर्षी एका दुपारचीला सकाळचीची टीप सैल वाटली, म्हणून तिने ती उसवून नवी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळचीने ते पाहिलं आणि उजव्या पायाची टीप उसवली. एका सज्जन माणसाच्या विजारीला अख्खा आठवडा पाय लाभले नाहीत. तेव्हा बाईंनी भिंतीवर पुठ्ठा लावला: 'दुसरीने केलेलं तपासू नये. चिठ्ठीवर विश्वास ठेवावा.' कराटेच्या मुलांनी त्याखाली पेन्सिलीने, आपल्या गुरुजींना म्हणतात तसं, 'हो सेन्सेई' असं लिहिलं. बाईंनी ते राहू दिलं, चांगला शब्द असेल म्हणून.

तेव्हा चारच टेबलं चालू होती. उरलेली दोन जुन्या चादरीखाली झाकलेली होती आणि त्यांच्यासाठी चार जणींची नावं बाईंच्या वहीत कधीची वाट पाहत होती. हात सगळ्यात चांगला होता तो टेबल तीनवरच्या दोघींचा. सकाळचीला जुळी मुलं. दुपारचीला चार वर्षांचा मुलगा. तिच्या सासूबाई स्वतः सकाळी एका दवाखान्यात नावं लिहून घ्यायच्या खिडकीवर बसत, आणि बाराला घरी येऊन नातवाला ताब्यात घेत. या दोघी तीन वर्षं एका खुर्चीवर बसत होत्या आणि त्यांनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. ओळख होती ती चिठ्ठ्यांतून.

'डावा झाला, उजवा बाकी. मोठी कात्री तुम्ही नेलीत का?'

'उजवा झाला. कात्री तुमच्याच पिशवीत बघा. खोकल्यावर गरम पाण्याची वाफ द्या.'

'कात्री मिळाली. खोकला मुलांना नाही, मला आहे. तुम्हाला कसं कळलं?'

'अक्षर हललंय.'

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बससेवेच्या गणवेश विभागाचे साहेब आले. शहरभर बस, प्रत्येक बसला ड्रायव्हर आणि प्रत्येक ड्रायव्हरला दोन पाय. हे काम मिळालं असतं तर चादरीखालची दोन्ही टेबलं उघडली असती. साहेब यायला नेमके साडेबारा वाजले. त्यांनी टेबल तीनच्या खुर्चीवर हात ठेवला. खुर्ची रिकामी होती आणि गरम होती.

"इथे कोण बसतं?"

"दोघी."

"आत्ता कुठे आहेत?"

"एक गेली. एक येते आहे."

"आणि समजा, आत्ता काही चुकलं तर मी कोणाला विचारायचं?"

"आत्ता काही चुकणार नाही," बाई म्हणाल्या. "आत्ता इथे कोणी नाही."

साहेबांनी वही मिटली. ते वाईट नव्हते, फक्त त्यांना रकाने भरायची सवय होती. "मॅडम, मला एक माणूस लागतो. सकाळी विचारलं तरी तोच आणि संध्याकाळी विचारलं तरी तोच."

"तसा माणूस माझ्या पाहण्यात नाही. आमचे हे सकाळी एक असतात, संध्याकाळी वेगळेच."

साहेब हसले नाहीत. त्यांनी अट घातली. नमुना म्हणून चव्वेचाळीस विजारी देतो. बिनचूक आल्या तर वर्षाचं काम तुमचं आणि तुमची पद्धत तुम्हाला लखलाभ. एक जरी चूक निघाली तर काम हवं असल्यास प्रत्येक टेबलाला एक पूर्णवेळ बाई, नऊ ते सहा. नको असेल तर नमस्कार. बाईंनी मान डोलावली. नऊ ते सहा म्हटल्यावर टेबल तीनवरच्या दोघींपैकी कोणती राहील हा प्रश्नच नव्हता. एकीलाही जमणार नव्हतं. दोघी जाणार, आणि हॉलही दुसरा शोधावा लागणार.

विजारी आल्या. नव्याकोऱ्या, निळ्या, एकजात लांब, कारखान्यातूनच खाली दुमडून आलेल्या. सोबत यादी: अमक्याच्या तीन बोटं कमी, तमक्याच्या चार. बाईंनी सगळा गठ्ठा टेबल तीनकडे दिला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तोवर कोणाच्या लक्षात आलेली नव्हती. एरवी गिऱ्हाईक स्वतः विजार घालून उभं राहतं आणि बाई टाचण्या लावतात. त्यामुळे कोणता पाय राहिला हे टाचणीच सांगते. चिठ्ठी आपली रीत म्हणून. या चव्वेचाळीस विजारींना टाचणी नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदाच सगळी भिस्त चिठ्ठीवर होती.

काम दोन दिवस चाललं. दुसऱ्या दुपारी विजारींना इस्त्री होऊन गठ्ठा बांधला जात होता तेव्हा बाई हॉलमध्ये नव्हत्या. त्या एका महिला मेळाव्यात 'विश्वासाने काम वाटून घ्या' या विषयावर बोलत होत्या. भाषण चांगलं झालं असं म्हणतात.

सोमवारी सकाळी सात वाजता बसच्या आगारात चव्वेचाळीस ड्रायव्हर नव्या गणवेशात ओळीने उभे राहिले. साहेब डावीकडून पाहत गेले तेव्हा माणसं ओढ्यात उतरायच्या तयारीत दिसत होती. उजवीकडून पाहत परत आले तेव्हा तीच माणसं अंथरुणातून उठून आलेली दिसली. सगळ्यांचा डावा पाय दोनदा आखूड झालेला होता, मोजा आणि वर चार बोटं नडगी दिसत होती. उजव्याला कोणी हातही लावलेला नव्हता. तो बुटावरून जमिनीवर लोळत होता.

"तुमच्यापैकी एकालाही घालताना कळलं नाही?" साहेबांनी विचारलं.

"कळलं ना," पुढचा ड्रायव्हर म्हणाला. "क्लचचा पाय मोकळा ठेवलाय, असं वाटलं. बरंय ते. फक्त ब्रेकचा जरा जपून दाबावा लागेल."

साहेबांनी बाईंना फोन केला. "मॅडम, उद्या इकडे या. आणि येताना जबाबदार माणूस घेऊन या."

ती संध्याकाळ बाईंना जड गेली. नवऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि शिक्षकाच्या शांतपणे निदान केलं. "अगं, डावा-उजवा हे सापेक्ष असतं. तिथेच घोटाळा आहे. दिशा लिहायच्या. पूर्वेचा पाय, पश्चिमेचा पाय. प्रश्न मिटला."

"आणि ड्रायव्हर वळला की?"

नवऱ्याने वर्तमानपत्र उघडलं.

बाई भांडी पुसत उभ्या राहिल्या. त्या दोघींना कसं सांगायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. तीन वर्षांत दोघी एकदाही उशिरा आल्या नव्हत्या, कारण उशीर करायला त्यांच्याकडे वेळच नव्हता. अर्धी खुर्ची कुठून आणू, असं म्हणून हसणारा तो जुना चेहरा बाईंना आठवला, आणि तो विनोद त्यांना वीस वर्षांनी पहिल्यांदाच जरासा कळला.

मग त्या फोनकडे वळल्या. सकाळची आणि दुपारची, दोघींना एकाच वेळी घराबाहेर काढायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. सहा फोन लागले: एक सासू, एक शेजारीण, दोन नवरे, एक शाळा, आणि एक पुन्हा त्याच नवऱ्याला, कारण पहिल्या फोनवर तो 'हो हो' म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी आगाराच्या फाटकाशी दोघी एकमेकींसमोर आल्या.

"तुम्ही सकाळच्या का?"

"हो. म्हणजे तुम्ही दुपारच्या. मला वाटलं होतं, तुम्ही उंच असाल."

"का बरं?"

"तुमचा 'उ' केवढा मोठा असतो."

दुपारची लाजली. हा त्यांच्या मैत्रीचा सर्वोच्च क्षण होता, आणि तो एकूण पाऊण मिनिट टिकला.

आत साहेबांच्या टेबलावर एक विजार पसरलेली होती. साहेबांनी विचारलं, "कोणता पाय कोणी केला?"

"मी डावा केला," सकाळची म्हणाली.

"मी उजवा केला," दुपारची म्हणाली, आणि दोघींनी एकाच पायावर बोट ठेवलं.



"अहो ताई, हा डावा आहे," सकाळची म्हणाली.

"डावा कुठला? माझ्या उजव्या हाताला आहे की."

"घालणाऱ्याचा डावा धरतात."

"घालणारा होता कुठे तिथे? तिथे मी होते."

"पण पँट माणसाची आहे. माणसाचा डावा तो पँटचा डावा."

"टेबलावर ठेवली होती ना? मग टेबलासमोर बसणारीचा डावा. कपाटाचं डावं दार तुम्ही कोणतं म्हणता? कपाटाला विचारून ठरवता?"

"कपाट पँट घालत नाही."

"एक मिनिट," साहेब म्हणाले. ते दुपारचीकडे वळले. "हा पाय आधीच आखूड झालेला आहे, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"दुसरीने केलेलं तपासायचं नाही, असा नियम आहे आमच्यात. आणि मला वाटलं, तुमच्या माणसांचे पाय तसे असतील."

"चव्वेचाळीस जणांचे?"

"क्लचमुळे. नाहीतर मग तसे बघूनच घेत असाल नोकरीत."

बाईंनी जमिनीकडे पाहिलं. साहेबांनी छताकडे पाहिलं. मग ते सावकाश म्हणाले, "मॅडम, मी म्हणत होतो ते हेच. दोन डोकी आली की दोन डावे आले. एकच माणूस असता तर त्याचा डावा सकाळी आणि दुपारी एकच असता. बरं, कापड कापलंय का? का सगळंच वाया?"

"कापायचं कशाला?" सकाळची म्हणाली. "आत दुमडलंय सगळं. आम्ही कधीच कापत नाही. पोरं वाढतात."

"आमचे ड्रायव्हर वाढणार नाहीत."

"उंचीने नाही," दुपारची म्हणाली.

साहेबांनी घंटी दाबली आणि कोठीवाल्याला बोलावलं. कोठीवाला म्हणजे आगारातल्या सामानाच्या खोलीचा प्रमुख: बावीस वर्षं नोकरी, नऊ ते सहा, एकही खाडा नाही. तो आला तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर, पाहुण्यांना घरातलं चांगलं भांडं दाखवावं तसा भाव होता. "हे बघा. हे आमचे पूर्णवेळ. दादा, सगळ्या पँट घ्या आणि प्रत्येकीच्या डाव्या पायावर खडूने फुली मारा. फुलीचा पाय या नेऊन उसवतील."

"फुली कशाला?" बाई म्हणाल्या. "आखूड आहे तो दिसतोच की."

"मॅडम, पद्धत म्हणजे पद्धत."

यावर बाई बाकावर जाऊन बसल्या. भिंतीवर पुठ्ठा त्यांनीच लावला होता.

कोठीवाला गेला. तासाभराने त्याचा चहा शेजारून गेला आणि रिकामा कप परत आला. आणखी एक तास गेला. या काळात सकाळची आणि दुपारची एकाच बाकावर बसून हलक्या आवाजात कपाटाबद्दल बोलत होत्या. बाई दोघींच्या मधे बसल्या होत्या आणि मनातल्या मनात निरोपाचं वाक्य जुळवत होत्या. ते 'बायांनो' पाशी अडत होतं.

शेवटी गठ्ठा आला. फुल्या सुबक होत्या, सगळ्या एका मापाच्या. बाईंनी सवयीने वरची विजार उचलली, झटकली, पाहिली. मग तळाची ओढली. मग दोन्ही शेजारी शेजारी साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. तळाच्या विजारीची फुली आखूड पायावर होती. वरचीची लांब पायावर.

साहेबांनी गठ्ठा मोजून पाहिला. बावीस अशा, बावीस तशा.

"दादा, हे काय?"

कोठीवाल्याने नीट पाहिलं. "बरोबर आहे की साहेब. चहाआधी मी एकेक पँट कमरेला लावून फुली मारत होतो. चहानंतर कंबर धरली, म्हणून टेबलावर पसरून मारली."

"आणि फुली लांब पायावर पडते आहे, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं ना. पण तुम्ही डावा म्हणालात. आखूड म्हणाला नाहीत."

दुपारचीने सकाळचीकडे पाहिलं. "टेबलावर पसरली की असंच होतं," ती म्हणाली. सकाळची म्हणाली, "कमरेला लावून मारल्या त्या बरोबर आहेत."

बाईंनी मात्र एकच गोष्ट विचारली, आणि ती खरोखरच माहिती हवी म्हणून. "चहाला जाताना यांनी काम कोणाकडे सोपवलं होतं?"

"कोणाकडे म्हणजे?" साहेब म्हणाले. "स्वतःकडेच."

"मग चिठ्ठी ठेवली नसणार."

साहेबांनी त्या दोन्ही विजारी घडी करून गठ्ठ्यावर ठेवल्या. बावीस वर्षांच्या पूर्णवेळ माणसाबद्दल वर काय कळवायचं, हा विचार त्यांच्या मनात आला असावा, आणि काहीच न कळवणं बरं, हाही. त्यांनी कोठीवाल्याला जायला सांगितलं आणि बाईंना तीन दिवस दिले. तीन दिवसांत विजारी दुरुस्त होऊन गेल्या. या वेळी बाई स्वतः प्रत्येक विजार घालून आरशासमोर उभ्या राहिल्या. चव्वेचाळीस वेळा. कराटेच्या मुलांनी खिडकीतून त्यातल्या शेवटच्या नऊ पाहिल्या आणि दारातून आत येताना वाकून नमस्कार केला.

साहेबांनी वर्षाचं काम दिलं. करार टंकून आला तेव्हा त्यात एक रकाना होता: 'पूर्णवेळ जबाबदार व्यक्तीचे नाव.'

"हा रिकामा ठेवता येत नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता बराच खाली आला होता. "मुख्य कार्यालय परत पाठवतं. तुमचं नाव घाला हवं तर."

"मीही चारला निघते. मुलगी हॉस्टेलवरून फोन करते."

"मग काहीतरी घाला, मॅडम."

बाईंनी विचार केला. खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पेन उचललं आणि रकान्यात लिहिलं: 'टेबल क्र. ३.'

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "हजर असतं?"

"दिवसभर. सव्वाचारला कराटेवाले भिंतीला लावतात, तेवढंच."

साहेबांनी शिक्का मारला. पुढे मुख्य कार्यालयातून टेबल तीनच्या नावाने एक ओळखपत्र आलं, फोटोची जागा मोकळी ठेवून, आणि सोबत रक्तगट कळवण्याची विनंती. बाईंनी 'लाकडी' असं लिहून पाठवलं. त्यावर कोणी काही विचारलं नाही.

चादरीखालची दोन टेबलं उघडली, वहीतल्या चौघी कामाला लागल्या. टेबल तीनवर सकाळची आणि दुपारची दोघी अजून आहेत. चिठ्ठीत आता कात्री आणि खोकला येत नाही, कारण आगारातल्या त्या दिवसानंतर दोघींनी एकमेकींशी अबोला धरला आहे. सकाळची अजून घालणाऱ्याचा डावा धरते, दुपारची अजून कपाटाचं उदाहरण देते, आणि दोघींना बाई स्वतंत्रपणे 'तुझं बरोबर आहे' म्हणतात.

मग महिला उद्योजकांच्या नोंदवहीचे अधिकारी एका शुक्रवारी पावणेचारला आले. त्यांना घाई होती. त्यांनी टेबलं मोजली, यंत्रं मोजली, मेळाव्यातल्या भाषणाचं छापील पत्रक मागून घेतलं आणि कामाच्या समान विभाजनाच्या अभिनव पद्धतीबद्दलचा मजकूर त्यावरून उभ्याउभ्या उतरवून घेतला. यंत्रांवर काय चाललं आहे ते त्यांनी पाहिलं नाही.

करार झाला त्याच्या पुढच्या सोमवारपासून एका विजारीचे दोन्ही पाय एकच बाई करते.